डोंगर, सूर्य, झोपडी आणि कोडिंगचा क्लास

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत रंगीत पत्रक आमच्या ओट्यावर पडतं. यंदा आठ दिवसांत तीन पडली. तिन्हींवर चष्मा लावलेलं एक हसरं मूल, त्याच्यापुढे लॅपटॉप, आणि मजकूर साधारण एकच: तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला आजच कोडिंग शिकवा, उशीर करू नका. (कोडिंग म्हणजे संगणकाला कामाच्या आज्ञा लिहून देणं.) ही पत्रकं तुम्ही छापत नाही, पेपर टाकणारा मुलगा ती आत घालतो, हे मला ठाऊक आहे. पण ती ज्या घरांत पडतात तिथले आईबाप तुमचेच वाचक आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी बडोद्यातल्या एका मराठी शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. संगणक माझा विषय नाही. पण मूल काही करायला बसलं की ते स्वतःचं करतंय की दुसऱ्याचं गिरवतंय, हे मला लांबून, त्याच्या पाठीकडे बघूनसुद्धा कळतं. गिरवणारं मूल सारखी मान वर करून फळ्याकडे बघतं. स्वतःचं काढणारं मूल कागदावर इतकं वाकतं की त्याला सांगावं लागतं, बाळा, जरा सरळ बस, डोळे बिघडतील.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या मुलानं आणि सुनेनं नातीला असाच एक ऑनलाइन क्लास लावला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, चौथीत जाणार होती. चोवीस तास, बारा हजार रुपये. शिकवणारा तरुण मुलगा सभ्य होता, वेळेवर यायचा, एकदाही त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी सर्टिफिकेट आलं आणि नातीनं बनवलेला खेळ आम्हाला दाखवला. चक्रव्यूहातून एक उंदीर जातो, चीजचा तुकडा खातो, दहा गुण मिळतात. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चार दिवसांनी समोरच्या पोळातला, म्हणजे गल्लीतला, मुलगा आला. त्यानंही तोच क्लास केला होता. त्यानं त्याचा खेळ उघडला. तोच चक्रव्यूह, तोच करडा उंदीर, भिंतींचा तोच निळा रंग.

मी नातीला विचारलं, "याला चीजच का गं? आपल्या पिंजऱ्यात तर आपण खोबऱ्याचा तुकडा लावतो."

ती म्हणाली, "आजी, सरांनी चीजच दिलं होतं. दुसरं काही केलं की पुढची पायरी उघडत नाही."

माझ्या मनात चर्र झालं, कारण हे चित्र मी ओळखत होते.

नोकरीत असताना दर जूनमध्ये मी नव्या वर्गाला पहिल्या तासाला कोरा कागद द्यायची. मनात येईल ते काढा, एवढंच सांगायची. पन्नास मुलांच्या वर्गातून चाळीसएक कागद एकाच छापाचे यायचे. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध दाते असलेला अर्धा सूर्य, वर उडणारे चार पक्षी, डोंगरातून वळणं घेत आलेली निळी नदी, काठाला झोपडी आणि एक नारळाचं झाड. ही बडोद्याची मुलं! यांच्यातल्या ज्यांनी डोंगर पाहिला होता त्यांनी पावागड पाहिला होता, आणि पावागड त्रिकोणी मुळीच नाही, तो टप्प्याटप्प्यानं चढत जातो. आमची नदी म्हणजे विश्वामित्री. भर गावातून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. पण इतक्या वर्षांत पहिल्या तासाच्या कागदावर मला एकही मगर दिसली नाही. गावाचं नाव वडावरून पडलेलं, रस्त्याला वड, देवळापाशी वड, आणि कागदावर नारळ.

त्या मुलांचा हात वाईट नव्हता. कुणीतरी कधीतरी त्यांना 'चित्र म्हणजे हे' असं शिकवलेलं होतं, त्याला शाबासकी मिळालेली होती आणि तेच ती पुन्हा पुन्हा देत होती. एकदा एका मुलाला मी फक्त एवढंच विचारलं, "तुला येताना पूल लागतो ना, आज नदीत काय होतं?" त्यानं मगर काढली. काठावर तोंड उघडं टाकून पडलेली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक बगळा. पाण्याला निळा रंग दिला नाही, खडू एकावर एक घासून मातकट हिरवा केला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

कोडिंगच्या क्लासमधला तो उंदीर म्हणजे मुलांच्या कागदावरचे ते दोन डोंगर. विषय बदलला, साधन महागलं, आणि मुलाकडून करवून घेतलं जातंय ते तेच.

क्लास संपला तरी ज्याच्यावर तो खेळ केला होता ते साधन घरच्या जुन्या लॅपटॉपवर होतंच, आणि ते मुळात फुकट आहे हे मला तेव्हा समजलं. स्क्रॅच त्याचं नाव. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटानं ते तयार केलं आणि २००७ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. त्यात मुलांना आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. 'दहा पावलं चाल', 'पंधरा अंश वळ', 'हे दहा वेळा कर' अशा अर्थाचे रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक जोडायचे. न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत, त्यामुळे एखादं चिन्ह राहिलं म्हणून सगळं अडून बसलं असं होत नाही. हिरवा झेंडा दाबला की पडद्यावरचं मांजर सांगितलेलं करायला लागतं. एकदा संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटचीही गरज नाही.

मी नातीला म्हटलं, आता सर नाहीत, पायरी नाही, तुला काय करायचंय ते कर. ती दोन दिवस नुसती बसून राहिली. मांजर इकडून तिकडे नेलं, पुन्हा जागेवर आणलं. सूनबाईंना वाटलं, बारा हजार पाण्यात गेले. मला तसं वाटलं नाही, कोऱ्या कागदापुढे बसलेली मुलं मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांना तेवढा वेळ द्यावाच लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत तिला संगणकाकडून रांगोळी काढून घ्यायची लहर आली. स्क्रॅचमध्ये पेन म्हणून एक सोय आहे. पेन टेकवला की मांजर चालेल तिथे रेघ उमटते. चौकोन तिला येत होता, पुढे जा आणि नव्वद अंश वळ, असं चार वेळा. मग त्रिकोण. तिच्या आईनं सांगितलं, तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असतो. नातीनं साठ घातले, तीन वेळा केलं, आणि त्रिकोण काही मिटेना. पडद्यावर उलटी ठेवलेली वाटी दिसायला लागली. सूनबाई म्हणाल्या, गणित तर बरोबर आहे.

मी तिला अगाशीवर नेलं. (गच्चीला आम्ही बडोदेकर अगाशीच म्हणतो.) खडूनं मोठा त्रिकोण आखला आणि म्हटलं, आता तूच मांजर, चाल, आणि उजवा हात नाकासमोर सरळ धर. ती पहिल्या बाजूवरून चालत कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. हात अजून पुढेच, मोरीकडे. दुसरी बाजू तर पार मागे वळून जात होती. ती हळूहळू वळायला लागली. काटकोन झाला तरी हात रेघेवर येईना, आणखी वळावं लागलं. "आजी, साठ नाहीच! साठ आतला आहे, मला बाहेरचं वळायचंय!" तिन्ही कोपरे फिरून ती पहिल्या जागी आली तेव्हा मी विचारलं, तोंड कुठे आहे? म्हणाली, सुरू केलं होतं तिकडेच. म्हणजे एक अख्खी गिरकी झाली. ३६० भागिले ३, एकशेवीस. त्यानंतर तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. पाच बाजूंना ७२, आठ बाजूंना ४५, आणि तोच चौकोन ४५ अंशांनी वळवत आठ वेळा काढला की पाकळ्या मिळतात, हे तिनं नरकचतुर्दशीच्या आत शोधून काढलं.

माझ्या मुलानं मला मागाहून सांगितलं की हे असंच व्हावं म्हणून तर हे सगळं सुरू झालं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले सेमूर पॅपर्ट नावाचे गणिती होते. जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षं काम केल्यावर ते अमेरिकेत गेले, आणि १९६७ मध्ये वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा केली. तिच्यात मांजराच्या जागी कासव होतं, आधी जमिनीवर चालणारं यंत्र-कासव आणि मग पडद्यावरचं. मुलानं स्वतःला कासवाच्या जागी ठेवून, आपल्या अंगानं भूमिती समजून घ्यावी, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. रेझनिक त्यांच्याच परंपरेतले. आणि रांगोळीचं म्हणाल तर मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच तमिळ घरांपुढच्या कोलमचे नियम संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले होते. ठिपके मांडून रेघ कुठून कुठे न्यायची याची शिस्त आपल्या बायकांच्या बोटांत किती पिढ्या आहे! माझी आई तेरा ते सात ठिपक्यांची रांगोळी काढताना पुटपुटत असे, "दोन सोड, वळ, दोन सोड, वळ." नातीला ते सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पणजीला रिपीट येत होतं."

आता पतंगाची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले.

डिसेंबर लागला की बडोद्याच्या अगाश्या गजबजायला लागतात. नातीनं ठरवलं, उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, खेळ करायचा. पतंग तिनं कागदावर काढला, लाल, मधे पांढरा चांद, खाली इवलंसं शेपूट, आणि त्याचा फोटो काढून संगणकात घातला. पुढची अडचण अशी की दोरा किती सोडला आहे हे संगणकाला कुठेतरी लक्षात ठेवायला हवं. क्लासमध्ये तिला 'व्हेरिएबल' शिकवलं होतं, म्हणजे बदलता आकडा ठेवायची नाव दिलेली जागा. व्याख्या तिला इंग्रजीत पाठ होती, परीक्षेत तिनं बरोबर लिहिली असती. पण उंदराच्या खेळात ती गोष्ट 'स्कोअर' या नावानं आयती आलेली होती, तिनं ती कधी मनानं वापरली नव्हती. मी म्हटलं, सोडलेल्या दोऱ्याला आपण काय म्हणतो? स्क्रॅचमध्ये नाव देवनागरीत देता येतं. तिनं वडिलांकडून मराठी कळफलक लावून घेतला आणि टाइप केलं: ढील.

कळ दाबून धरली की ढील वाढते, ढील वाढली की पतंग वर जातो, असे ठोकळे तिनं जोडले. पोळातल्या मुलाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "असं नसतं. ढील दिली की पतंग लांब जातो आणि खाली बसतो. खेचलं की चढतो." दोघं अगाशीवर पळाली. मीही मागून गेले. अर्धा तास त्यांनी स्वतः काही उडवलं नाही, टाकीपाशी उभं राहून फक्त लोकांचे पतंग बघितले. मुलगा म्हणत होता तेच खरं होतं. आणि बघता बघता नात म्हणाली, "आजी, तो पार तिकडचा पतंग बघ, केवढासा दिसतो."

लांबची वस्तू लहान दिसते, हे मी आठवीच्या मुलांना रेल्वेचे रूळ आणि विजेचे खांब काढून शिकवत असे. ही पोर खाली आली आणि तिनं ठोकळा बसवला: आकार म्हणजे शंभर वजा ढील. कळ दाबली. पतंग दूर जाता जाता खरोखर लहान लहान होत गेला. मी तिला तो पाच-सहा वेळा उडवायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हिरवा झेंडा दाबला तर पतंग गायब. नीट पाहिलं तेव्हा आभाळात मुंगीएवढा लाल ठिपका दिसला. रात्री तर सगळं चालत होतं! कुणी हात लावला म्हणून आधी आमच्या सगळ्यांवर आळ घेऊन झाला. माझा मुलगा ऑफिसला निघता निघता मागे येऊन उभा राहिला. तो स्वतः संगणकाच्या कामातला, त्याला चूक एका नजरेत दिसली असणार. तो तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला खुणेनं गप्प केलं. तो निघून गेला. पुढची चाळीस मिनिटं ती पोर त्या ठोकळ्यांवर एकेक करून बोट ठेवत मोठ्यानं वाचत होती. झेंडा दाबला. पतंग मधे आला. आकार शंभर वजा ढील. पुन्हा पहिल्यापासून. पोहे गार झाले. तिसऱ्यांदा 'शंभर वजा ढील' म्हणताना तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे ढील किती आहे तो आकडा दिसतो. ९५.

"आजी! कालची ढील तशीच राहिली आहे. मी फिरकी गुंडाळलीच नाही!" (पतंगाचा दोरा जिच्यावर गुंडाळतात ती फिरकी.)

स्वतःचा नवा ठोकळा तयार करून त्याला आपलं नाव द्यायची सोय स्क्रॅचमध्ये आहे. तिनं ठोकळा केला, नाव दिलं 'फिरकी गुंडाळ', त्याच्यात ढील शून्य केली आणि तो हिरव्या झेंड्याच्या बरोबर खाली अडकवला. मग गार पोहे खाल्ले.

रात्री मुलगा म्हणाला, "आई, आमच्याकडे पगारी माणसं या एका चुकीत अख्खा दिवस घालवतात." मी त्याला म्हटलं, तू सकाळी सांगून टाकलं असतंस तर तिला उत्तर मिळालं असतं, फिरकी मिळाली नसती.

कृपा करून माझं म्हणणं इंग्रजीच्या विरोधात आहे असं समजू नये. स्क्रॅचचे बाकीचे ठोकळे ती इंग्रजीतच वापरते आणि त्यांतून तिचं इंग्रजीही सुधारतं आहे. पण जी गोष्ट तिच्या स्वतःच्या मनातली आहे तिला नाव तिच्या रोजच्या बोलण्यातलं मिळालं, तेव्हा ती तिला समजली. 'स्कोअर' शून्यावर आणायचा राहिला, हे तिला सुचलं नसतं. फिरकी गुंडाळायची राहिली, हे अगाशीवर वाढलेल्या कुठल्याही मुलाला सुचतं, मग ते घरी मराठी बोलणारं असो की गुजराती.

आपल्या बडोद्याला हे नवीन नाही. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कलाभवन आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकारानं ते सुरू झालं. कारागिरी आणि तंत्रविद्या आपल्या लोकांना आपल्या भाषांतून शिकता यावी, ही तळमळ त्यामागे होती. आज तिथे विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९१२ मध्ये सिनेमासाठी कुणी पैसे द्यायला धजेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोप वाढत असताना रोज थोडी थोडी फिल्म घेऊन, ते रोप डोळ्यांदेखत भराभर वर येताना दाखवलं.

ही गोष्ट नातीला सांगितली तर ती म्हणाली, "वाटाणा नको, मूग लवकर येतात." वाटीत ओल्या कापडावर मूग, पुस्तकांच्या चवडीवर फोन, दर तीन तासांनी एक फोटो. पहिल्या खेपेला मूग बाजूलाच राहिले, वाटीच नाचत होती, आणि उजेड सकाळी पिवळा, दुपारी पांढरा. दुसऱ्या खेपेला तिनं पाटावर वाटीभोवती खडूनं गोल आखला, चवडीच्या पायाशीही खूण केली आणि खिडकी लावून ट्यूबच्याच उजेडात फोटो घेतले. सव्वीस फोटो, प्रत्येक सेकंदाच्या पाचव्या भागाइतका थांबणार. पाच सेकंदांत मूग फुटतात, मान वर काढतात आणि कापडावरून उठतात. मग त्याच मुगांची उसळ केली, वर शेव घालून.

माझा मुलगा म्हणतो, हे सगळं ठीक आहे, पण पुढे पायथन वगैरे टाइप करायच्या संगणकाच्या भाषा शिकाव्याच लागतील. शिकेल की. आता तर संगणकाला नुसतं सांगितलं तरी तो कोड लिहून देतो, असंही मी ऐकते. तरी ढील दिल्यावर पतंग खाली बसतो की नाही हे बघायला अगाशीवर कुणाला तरी जावंच लागेल.

आईबापांना माझी विनंती एवढीच आहे. क्लास लावायचा तर लावा, सगळ्यांच्या घरी दुपारी रिकामी आजी नसते. पण पैसे भरण्याआधी त्या क्लासमधल्या आधीच्या दहा मुलांनी काय केलं ते बघायला मागा. दहाही उंदीर एकाच रंगाचे निघाले तर परत या. आणि मूल अडून बसलं की लगेच उत्तर सांगू नका. जवळ बसा, आणि त्याला मोठ्यानं वाचायला सांगा.

शाळांना थोडं अधिक सांगायचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचे म्हटलं आहे. त्यात शब्द उपक्रम असा आहे. ओळखीच्या एका सहावीतल्या मुलीची वही मी पाहिली. तिच्यात 'कोडिंग म्हणजे काय' याची व्याख्या होती, कोडिंगचे पाच फायदे होते आणि ठोकळ्यांचं पेन्सिलीनं काढून रंगवलेलं एक चित्र होतं, त्याला 'उत्तम' शेरा. त्या मुलीनं वर्षभरात संगणकाला हात लावला होता दोनदा. चित्रकलेच्या तासाला चित्राची व्याख्या लिहून घ्यावी, तसं हे झालं.

संगणक नसला तरी पुष्कळ करता येतं, हेही मी पाहिलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी दहा वर्षांची आहे. घरात एकच फोन, तोही आईबरोबर दिवसभर बाहेर. तिनं आणि नातीनं अगाशीवर चिठ्ठ्यांचा खेळ केला. एकीनं चिठ्ठ्यांवर आज्ञा लिहायच्या, दुसरीनं डोळे बांधून कासव व्हायचं आणि चिठ्ठीत असेल तेवढंच करायचं. पहिल्याच चिठ्ठीत लिहिलं होतं, 'चाल'. नात चालत राहिली आणि टाकीवर आपटली. त्या मुलीनं चिठ्ठी काढून घेतली आणि खाली लिहिलं, 'चार पावलं'. पुढच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर तिनं आकडा आधी लिहिला, आज्ञा मागून.

सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं, आणि जिथे ग्रंथालय नव्हतं त्या खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. आज बडोद्यात कितीतरी मराठी घरांत जुने लॅपटॉप कपाटावर पडून आहेत. मुलानं नवीन घेतला, जुना विकवत नाही. स्क्रॅचला ते पुरतात. आपली मंडळं गणपतीत चित्रकलेच्या स्पर्धा भरवतात, त्यांनी वर्षातून काही शनिवार एक खोली आणि चार लॅपटॉप मुलांसाठी ठेवावेत. दर आठवड्याला लॅपटॉपची पेटी एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात फिरली तरी चालेल. स्पर्धा नको, नंबर नको, सर्टिफिकेट तर नकोच. एखाद्या मंडळानं किंवा वाचनालयानं मनावर घेतलं तर मी शनिवारी चार ते सहा येऊन बसेन. संगणक मी शिकवू शकणार नाही. मुलांच्या शेजारी बसून 'पुढे काय होतंय, वाच पाहू' एवढं मला म्हणता येतं.

सध्या नातीनं वडाचं झाड करायला घेतलं आहे. 'फांदी काढ' नावाचा ठोकळा केला आहे, आणि फांदीला पुढे फांद्या फुटतात म्हणून त्याच ठोकळ्याच्या पोटात पुन्हा 'फांदी काढ' घातला आहे. हिरवा झेंडा दाबला की एक रेघ निघते ती आभाळाच्या कडेला जाऊन टेकते, आणि ठोकळे चालूच राहतात, थांबत नाहीत. चार दिवस झाले. काल संध्याकाळी आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या वडाखाली जाऊन उभ्या राहिलो, फांदी नेमकी कुठे संपते ते बघायला. तिनं वहीत दोन पारंब्या काढल्या आहेत आणि बाजूला लिहिलं आहे, 'दर वेळी थोडी बारीक.'

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे